एका चेंडूच्या दोन वाटा : रग्बी, अमेरिकन फुटबॉल आणि नियमांनी घडवलेली शरीरे

१)
रग्बी आणि अमेरिकन फुटबॉल यांची तुलना निघाली की वाद ठरलेला असतो. एक पक्ष म्हणतो, डोक्यावर हेल्मेट आणि खांद्यांवर गाद्या बांधून खेळण्यात कसले आले शौर्य? दुसरा म्हणतो, तसा एक धक्का अंगावर घेऊन दाखवा, मग बोलू. एक गोष्ट मात्र दोन्ही पक्ष विसरतात. दीडशे वर्षांपूर्वी हे दोन खेळ नव्हतेच. खेळ एकच होता.

#थ्रेड #क्रीडाइतिहास

२)
मग एकाच खेळातून इतकी निराळी शरीरे आणि इतकी निराळी कौशल्ये कशी निपजली? माझ्या मते याचे उत्तर राष्ट्रीय स्वभावात किंवा मर्दानगीत शोधण्याचे कारण नाही. ते एका साध्या प्रश्नात आहे : चेंडू घेऊन धावणारा खेळाडू जमिनीवर पाडला गेला, तर पुढच्या क्षणी चेंडू कोणाचा? दोन्ही खेळांनी या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिली आणि पुढचा सारा इतिहास त्यातून घडला.

३)
आरंभ इंग्लंडमधील रग्बी स्कूलपासून करू. १८२३ मध्ये विल्यम वेब एलिस या विद्यार्थ्याने अचानक चेंडू हातात घेऊन धाव ठोकली आणि रग्बी जन्माला आली, ही कथा सर्वांना ठाऊक असते. पण ती पुढे आली एलिसच्या मृत्यूनंतर, आणि १८९५ मध्ये शाळेच्याच माजी विद्यार्थ्यांनी चौकशी केली तेव्हा तिला ठोस पुरावा सापडला नाही. पक्की तारीख हवी असेल तर १८४५ घ्यावी. त्या वर्षी शाळेतील मुलांनी आपल्या खेळाचे नियम प्रथम लिहून काढले.

४)
तो खेळ आजच्या रग्बीहून फार वेगळा होता. पोरांचा मोठा जमाव चेंडूभोवती एकवटे, ढकलाढकली करी आणि प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर सर्रास लाथा घाली. या लाथांना ‘हॅकिंग’ म्हणत. १८६३ मध्ये लंडनला फुटबॉल असोसिएशनची स्थापना होत असताना ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला, त्याचे एक प्रमुख कारण हेच होते : लाथा बंद केल्या तर खेळातील धैर्यच संपेल, असे त्यांच्या प्रतिनिधीचे म्हणणे होते.

५)
१८७१ मध्ये रग्बी फुटबॉल युनियन स्थापन झाली आणि तिने हॅकिंगवर बंदी घातली. धैर्य काही संपले नाही. त्याच वर्षी एडिंबरा येथे स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. दोन्ही बाजूंना वीस-वीस खेळाडू होते आणि त्यांतील बहुतेक जण घोळक्यात रेटा देण्याच्या कामी लागत. १८७७ मध्ये ही संख्या पंधरावर आली. मैदान मोकळे झाले, धावायला जागा मिळाली, हातांनी चेंडू देण्याच्या कौशल्याला किंमत आली. नियम बदलला की शरीराचे काम बदलते, याचे हे पहिले उदाहरण.

६)
आता अटलांटिकपलीकडे जाऊ. मे १८७४ मध्ये कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाचा संघ हार्वर्डला आला. दोघांचे नियम जुळेनात, म्हणून दोन दिवस दोन पद्धतींनी खेळायचे ठरले : एक दिवस हार्वर्डच्या नियमांनी, दुसऱ्या दिवशी मॅकगिलच्या, म्हणजे रग्बीच्या. हार्वर्डच्या मुलांना पाहुण्यांचा खेळ आपल्याहून अधिक आवडला. १८७६ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे पूर्वेकडील महाविद्यालये एकत्र आली आणि त्यांनी रग्बीवर आधारित नियम स्वीकारले. त्या क्षणी अमेरिकेचा फुटबॉल म्हणजे जवळपास रग्बीच होता.

७)
वाट फुटली ती १८८० मध्ये. येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प या तरुणाला स्क्रमचा गोंधळ खटकत होता. दोन्ही संघ चेंडूवर झुंबड करणार आणि चेंडू कोणाकडे निघेल ते सांगता येणार नाही! त्याने सुचवले की चेंडू आधीच एका संघाच्या ताब्यात द्यावा, त्या संघातील मधल्या खेळाडूने तो पायाने मागे सारावा आणि तेथून चाल सुरू व्हावी. दोन्ही संघ एका काल्पनिक रेषेच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहतील. खेळाडूंची संख्याही अकरावर आणली गेली.

८)
या सुधारणेतील पळवाट लवकरच उघडी पडली. १८८१ मध्ये प्रिन्स्टन आणि येल यांच्या सामन्यात एका संघाने पूर्वार्धभर चेंडू आपल्याकडेच दाबून ठेवला, दुसऱ्याने उत्तरार्धभर. निकाल शून्य–शून्य, प्रेक्षक वैतागले. म्हणून १८८२ मध्ये नवा नियम आला : तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरका, नाहीतर चेंडू सोडा. अशा एका प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. यार्ड मोजण्यासाठी मैदानावर चुन्याच्या रेघा आल्या आणि खेळाला आजचे रूप मिळू लागले.

९)
दोन्ही खेळांतील फरक समजून घ्यायला आपली कबड्डी उपयोगी पडते. कबड्डीत चढाई करणाऱ्याची पकड झाली की चढाई संपते. शिट्टी वाजते, सगळे आपापल्या जागी परततात, नवी चढाई सुरू होते. अमेरिकन फुटबॉल या बाबतीत कबड्डीच्या जवळ आहे. रग्बीत मात्र पकड झाली की खरी लढाई तेथून सुरू होते. खाली पडलेल्याला चेंडू लगेच सोडावा लागतो, त्याच्यावर दोन्ही बाजूंचे खेळाडू पायांवर उभे राहून रेटा देतात आणि चेंडू ज्याचा त्याने जिंकून घ्यायचा असतो. याला ‘रक’ म्हणतात.

१०)
या एका फरकाचे परिणाम शरीरावर काय होतात ते पाहा. अमेरिकन फुटबॉलमध्ये एक चाल पाच-सहा सेकंदांची असते, मग विश्रांती आणि पुढच्या चालीची आखणी. तीन तास चालणाऱ्या व्यावसायिक सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो सुमारे अकरा मिनिटे. रग्बीच्या ऐंशी मिनिटांत तो साधारण पस्तीस मिनिटे खेळात असतो, आणि टॅकल झाल्याने खेळ थांबत नाही. पहिला खेळ स्फोटासारखी ताकद मागतो, दुसरा धाप लागलेली असतानाही टिकणारी ताकद मागतो.

११)
हा फरक केवळ अमेरिकेच्या स्वभावाचा परिणाम आहे असे वाटत असेल, तर इंग्लंडमध्येच घडलेली गोष्ट ऐका. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी खेळाडूंच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई देण्याच्या प्रश्नावरून युनियन सोडली. त्यातून पुढे ‘रग्बी लीग’ हा वेगळा खेळ झाला. १९०६ मध्ये त्यांनी खेळाडू तेरा केले आणि टॅकलनंतर चेंडू पाडलेल्या खेळाडूच्याच संघाकडे राहू दिला. पुढे त्यांच्यापुढेही तीच अडचण उभी राहिली : एक संघ चेंडू सोडेचना. म्हणून १९६६ मध्ये चार टॅकलची आणि १९७२ मध्ये सहा टॅकलची मर्यादा आली. पहिला निर्णय तोच घेतला, तेव्हा पुढची पायरीही तीच निघाली.

१२)
दुसरा मोठा फरक अडवण्याचा. रग्बीत ज्याच्या हाती चेंडू नाही त्याला अडवता येत नाही. तो गुन्हा आहे. त्यामुळे चेंडूधारक एकटा पुढे असतो आणि साथीदार त्याच्या मागे किंवा बाजूला. अमेरिकेत मात्र साथीदाराने पुढे जाऊन वाट मोकळी करून देणे हळूहळू मान्य झाले. त्यातून एक संपूर्ण नवी विद्या जन्मली. आघाडीच्या फळीतील खेळाडू सामन्यात बहुधा चेंडूला हातही लावत नाही. त्याचे कौशल्य पावलांत, हातांच्या पकडीत आणि समोरच्या धिप्पाड माणसाचा तोल नेमक्या क्षणी बिघडवण्यात असते. आपल्या कुस्तीच्या पठ्ठ्यांना ते चटकन कळेल.

१३)
याच मुभेने खेळ जीवघेणाही केला. १८९२ मध्ये हार्वर्डने येलविरुद्ध ‘फ्लाइंग वेज’ ही चाल आणली. ती सुचवणारा लोरिन डिलँड हा बुद्धिबळाचा आणि लष्करी इतिहासाचा अभ्यासक होता. खेळाडू दोन बाजूंनी धावत येऊन पाचरीचा आकार करत आणि सारा वेग प्रतिस्पर्ध्याच्या एका बिंदूवर आदळत. शिवाय १८८८ पासून कमरेखाली पकडण्यास परवानगी मिळाल्याने मोकळ्या धावांना आळा बसला होता. संघ अधिकाधिक दाटीने उभे राहू लागले आणि दर चाल म्हणजे माणसांच्या दोन भिंतींची टक्कर झाली.

१४)
१९०५ च्या हंगामात अमेरिकेत फुटबॉल खेळताना किमान अठरा जणांचा मृत्यू झाल्याची नोंद वृत्तपत्रांनी केली. मृतांत बहुसंख्य शाळकरी आणि महाविद्यालयीन मुले होती. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. त्यांचा स्वतःचा मुलगा हार्वर्डच्या नवागतांच्या संघात खेळत होता. नोव्हेंबरमध्ये युनियन कॉलेजचा हॅरल्ड मूर न्यूयॉर्क विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात मरण पावला आणि खेळावर बंदी घालण्याची मागणी जोर धरू लागली.

१५)
डिसेंबरअखेर बासष्ट संस्थांचे प्रतिनिधी न्यूयॉर्कमध्ये जमले. पुढे एनसीएए या नावाने प्रसिद्ध झालेली संघटना यातूनच उभी राहिली. १९०६ साठी नियम बदलले. प्रयत्न तीनच, पण अंतर पाचऐवजी दहा यार्ड. दोन फळ्यांमध्ये मोकळी जागा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चेंडू पुढे फेकण्यास परवानगी. सुरुवातीला या फेकीवर जाचक अटी होत्या, त्या पुढील काही वर्षांत सैल झाल्या. हेतू सरळ होता : माणसे मैदानभर पसरावीत, म्हणजे एकाच जागी चिरडली जाणार नाहीत.

१६)
आज क्वार्टरबॅकच्या लांब फेकीकडे आपण सौंदर्य म्हणून पाहतो. तिचा जन्म मात्र अठरा मृत्यूंच्या छायेत झाला. १९१३ मध्ये नोटर डेमने बलाढ्य आर्मी संघाला ३५–१३ असे हरवले, तेव्हा गस डोरे याने नूट रॉकनीकडे केलेल्या फेकींनी या कौशल्याची ताकद देशाला दाखवली. मग चेंडूही बदलला. १९३४ मध्ये व्यावसायिक खेळातील चेंडूचा घेर कमी केला गेला, कारण निमुळता चेंडू पंजात नीट बसतो आणि फिरकी घेत सरळ जातो. आज त्याचा मधला घेर सुमारे ५४ सेंटिमीटर, तर रग्बीच्या चेंडूचा ५८ ते ६२ सेंटिमीटर असतो.

१७)
रग्बीने पुढे पास देण्याची बंदी कायम ठेवली. म्हणून तेथील हस्तकौशल्य निराळे. पूर्ण वेगात पुढे धावताना चेंडू मागे किंवा बाजूला द्यायचा, तोही दोन्ही हातांनी, डावीकडे आणि उजवीकडे सारख्याच सफाईने. टॅकल होत असताना, शरीर खाली जात असताना एका हाताने चेंडू साथीदाराकडे सोडणे याला ‘ऑफलोड’ म्हणतात. अमेरिकेत अचूक फेक ही मुख्यतः एका माणसाची जबाबदारी. रग्बीत सव्वाशे किलोच्या प्रॉपलाही पास देता आला पाहिजे, टॅकल करता आले पाहिजे आणि लगेच उठून पुढच्या रककडे धावता आले पाहिजे.

१८)
दोन्ही खेळांची शरीरे प्रत्यक्ष समोरासमोर आली तेव्हा काय झाले? १९०५ च्या संकटानंतर स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठांनी फुटबॉल सोडून काही वर्षे रग्बी स्वीकारली होती. त्या परंपरेतून आलेल्या खेळाडूंच्या बळावर अमेरिकेने १९२० मध्ये अँटवर्प ऑलिंपिकमध्ये फ्रान्सला ८–० असे हरवून रग्बीचे सुवर्णपदक मिळवले. १९२४ च्या पॅरिसमधील संघात तर अनेक जण मूळचे अमेरिकन फुटबॉलपटू होते. त्यांना पास देण्यातले बारकावे फारसे अवगत नव्हते. वेग आणि टॅकल मात्र होते.

१९)
अंतिम सामना कोलोंब येथे झाला. अमेरिकेने फ्रान्सला १७–३ असे नमवले. त्यांच्या टॅकलचा जोर यजमानांना पेलला नाही. फ्रान्सचा नावाजलेला विंगर जखमी होऊन बाहेर गेला. प्रेक्षकांनी हुल्लड केली, स्टँडमध्ये हाणामाऱ्या झाल्या. या स्पर्धांत मोजकेच संघ होते, त्यामुळे यावरून कोणता खेळ श्रेष्ठ हे ठरत नाही. एवढे मात्र दिसते की १९२४ मध्ये एका खेळाचे शरीर दुसऱ्या खेळात चालून जाई. आज तसे क्वचितच घडते.

२०)
का? कारण पुढे बदली खेळाडूंचा नियम आला. अमेरिकेच्या व्यावसायिक लीगने १९५० पासून हव्या तितक्या बदल्यांना कायमची मुभा दिली. आक्रमणाचा संघ वेगळा, बचावाचा वेगळा, लाथ मारायला तिसराच माणूस! मग प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र शरीर घडवता येऊ लागले. आज आघाडीच्या फळीतील खेळाडू १३६ किलोंच्या वर असणे सर्वसाधारण आहे. रग्बीत १९६८ पर्यंत आंतरराष्ट्रीय सामन्यात जखमी खेळाडूच्या जागीही दुसरा घेता येत नसे. ज्याला ऐंशी मिनिटे धावायचे आहे, त्याचे वजन वाढण्याला आपोआप मर्यादा पडते.

२१)
आता हेल्मेटकडे येऊ. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये ते १९३९ मध्ये आणि व्यावसायिक लीगमध्ये १९४३ मध्ये सक्तीचे झाले. चामड्याच्या टोपीची जागा कठीण प्लास्टिकने घेतली. कवटी सुरक्षित वाटू लागताच खेळाडू डोके पुढे करून धडक देऊ लागले आणि प्रशिक्षकही तसे शिकवू लागले. १९६८ या एका वर्षात मैदानावरील दुखापतींनी छत्तीस मृत्यू झाले. शेवटी हेल्मेटसाठी मानके ठरली आणि १९७६ मध्ये डोक्याने पहिला आघात करण्यास बंदी आली. त्यानंतर मृत्यू आणि मानेच्या गंभीर दुखापती झपाट्याने घटल्या. संरक्षणासाठी दिलेले साधन शस्त्र झाले होते, आणि ते आवरायला नियमच लागला.

२२)
येथे रग्बीचे चाहते म्हणतील, पाहा, आमचे उघडे डोकेच बरे. काही अंशी ते खरे होते. डोके उघडे असले की माणूस ते जपतो. रग्बीत टॅकल करताना हातांनी कवळणे बंधनकारक आहे आणि नुसता खांदा मारणे हा गुन्हा आहे. पण १९९५ मध्ये युनियन रग्बी व्यावसायिक झाली. त्याच वर्षीच्या विश्वचषकात न्यूझीलंडच्या जोना लोमूने ११५ किलोंहून अधिक वजनाच्या देहाने इंग्लंडचा बचाव चिरडत चार ट्राय केले. पुढच्या वर्षी डावपेचासाठी बदली खेळाडू घेण्यासही परवानगी मिळाली. देह वाढले, वेग वाढला, आणि ताज्या दमाचे धिप्पाड खेळाडू उत्तरार्धात उतरू लागले.

२३)
यानंतरची कहाणी दोन माणसांची. माइक वेब्स्टर हा पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर, म्हणजे दर चालीला चेंडू मागे देणारा आणि त्याच क्षणी समोरच्याशी धडकणारा. चार सुपर बोल जिंकून तो निवृत्त झाला, भ्रमिष्टावस्थेत शेवटची वर्षे काढली आणि २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी गेला. मूळ नायजेरियाचे डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला. वारंवारच्या आघातांनी होणारा सीटीई हा ऱ्हास त्यात आढळला, आणि २००५ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. २०१३ मध्ये लीगने माजी खेळाडूंशी ७६.५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. ती रकमेची मर्यादा पुढे उठवण्यात आली.

२४)
दुसरा स्टीव्ह थॉम्पसन. २००३ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडचा हुकर, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेत मधोमध उभा राहून चेंडू पायाने मागे ओढणारा. डिसेंबर २०२० मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्याने आपल्याला स्मृतिभ्रंश झाल्याचे जाहीर केले. तो विश्वचषक जिंकल्याचे त्याला आठवत नाही. डोक्यावर हेल्मेट नव्हते, खांद्यांवर गाद्या नव्हत्या.

२५)
आता १८८० ची ती सभा आठवा. वॉल्टर कॅम्पने स्क्रमच्या मध्यातील ज्या माणसाकडे चेंडू पायाने मागे सारण्याचे काम दिले, तोच पुढे सेंटर झाला. वेब्स्टर आणि थॉम्पसन ज्या जागांवर खेळले, त्या मूळच्या एकाच घोळक्याच्या मध्यातल्या जागा. सव्वाशे वर्षे दोन खेळ वेगवेगळ्या दिशांनी गेले, शरीरे आणि कौशल्ये बदलली, आणि तरीही मध्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मेंदूने सारखीच किंमत मोजली.

२६)
म्हणून ‘अधिक कणखर कोण’ या प्रश्नाने फारसे काही हाती लागत नाही. लाथांवर बंदी आली तेव्हा, फेकीला परवानगी मिळाली तेव्हा, डोक्याने धडकणे थांबवले तेव्हा, दर वेळी कोणीतरी म्हणालेच की आता खेळाचा कणा मोडला. खेळ टिकला. २०२३ मध्ये इंग्लंडने हौशी रग्बीत टॅकलची उंची छातीच्या हाडाखाली आणली, २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक लीगने सामन्याच्या आरंभीची भरधाव टक्कर टाळण्यासाठी किक-ऑफची रचना बदलली. तक्रारी तेव्हाही त्याच होत्या.

२७)
जाता जाता एक गंमत. रग्बीत गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवावाच लागतो, पण त्या गुणाला ‘ट्राय’ म्हणतात, कारण पूर्वी त्यातून फक्त गोलकडे लाथ मारण्याची संधी मिळे. अमेरिकेत त्याचे नाव ‘टचडाउन’, आणि तेथे चेंडू टेकवण्याची गरजच उरलेली नाही. जुन्या घराची आठवण नावात तेवढी राहिली. पुढच्या वेळी यांपैकी कोणताही सामना पाहाल तेव्हा धावणाऱ्याकडे पाहाच. पण तो पडल्यानंतरचे दोन सेकंद विशेष निरखून पाहा.